पाणी जातंय कुठं? इंजिनाचं हेड उघडण्याआधी

(बेलापूर, ता. श्रीरामपूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलायला या बैठकीत पुष्कळ जाणती मंडळी आहेत. ती बोलतीलच. आमच्या वाट्याला आलेला विषय ग्रीसने माखलेला आहे. आम्ही बेलापूर-श्रीरामपूर पट्ट्यात गॅरेज चालवणारी माणसं. आमच्यातल्या निम्म्यांची घरची जिरायत अजून शेवगाव-पाथर्डीकडं आहे. पावसाने ओढ दिली की काय होतं, ते आम्हाला कुणी सांगायला नको.

भाव बाजारात ठरतो. तो हातात नसतो. पण खर्चातला काही भाग आपल्या हातात असतो, आणि त्यातला एक मोठा भोकाडा आम्ही रोज डोळ्याने पाहतो. शेतकऱ्याची जीप, पिकअप किंवा जुनी मोटार गरम होते. कुणीतरी सांगतं, "हेड गॅस्केट उडालं." दुसरा सांगतो, "इंजिनच काढावं लागेल." मालक घाबरतो, सावकाराकडं नाहीतर सोनाराकडं जातो, आणि कापसाच्या दोन वेचण्यांचे पैसे एका आठवड्यात जातात. कधी ते काम खरोखर गरजेचं असतं. कधी नुसतं रेडिएटरचं टोपण बदलून भागलं असतं. आणि कधी उलटं होतं. गॅस्केट खरंच गेलेलं असतं, मालक पाणी ओतत ओतत आणखी महिनाभर गाडी पळवतो, आणि शेवटी हेडला तडा जातो. दोन्हीकडं नुकसान आपलंच. म्हणून आज एवढंच बोलणार आहोत की गॅस्केट गेलं की नाही, हे हेड उघडण्याआधी कसं ओळखायचं.

इंजिन आपल्याला नवं नाही

कुणी म्हणेल, हे शहरातल्या लोकांचं ज्ञान. तसं नाही. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला इंजिनाची ओळख फार जुनी आहे. साताऱ्याला कूपरांचा कारखाना १९२२ साली उभा राहिला आणि तिथं पुढं डिझेल इंजिनं तयार होऊ लागली. पुण्याला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. विहिरीवर वीज पोचण्याआधी या इंजिनांनीच मोट सोडवली. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास जीपची जुळणी सुरू केली आणि १९६३ पासून ट्रॅक्टर आणले. विहिरीवरचं पाणी-थंड इंजिन, ट्रॅक्टर, जीप, आणि आजची नवी मोटार, या सगळ्यांत एक वस्तू सारखीच आहे. ती म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी पातळ चकती, हेड गॅस्केट.

मायबहिणींना ही वस्तू समजायला एक क्षण पुरे. प्रेशर कुकरच्या झाकणाची रबरी रिंग. रिंग चिरली की शिट्टी होत नाही, कडेने वाफ फुसफुसते, पाणी आटतं आणि डाळ करपते. इंजिनाचं तेच. फरक एवढाच की कुकरमध्ये दाब किलोभर असतो, तर डिझेल इंजिनात डिझेल पेटतं त्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला ६० ते १०० किलो किंवा त्याहूनही जास्त दाब होतो, आणि तो मिनिटाला शेकडो वेळा होतो. शिवाय कुकरच्या रिंगला फक्त वाफ अडवायची असते. गॅस्केटला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात. सिलिंडरमधला जळता गॅस, पोकळ्यांतून फिरणारं पाणी, आणि वर-खाली जाणारं ऑईल.

गॅस्केट कुठं फुटलं त्यावर लक्षण ठरतं, हे नीट ध्यानात घ्या. सिलिंडर आणि पाणी यांच्यामध्ये फुटलं तर गॅस रेडिएटरात येतो किंवा पाणी सिलिंडरात जातं. पाणी आणि ऑईल यांच्यामध्ये फुटलं तर ऑईल ताकासारखं होतं. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मधली पट्टी जळाली तर ना पाणी कमी होतं, ना ऑईल बिघडतं. गाडी नुसती मिस मारते आणि चढाला दम सोडते. बाहेरच्या कडेला फुटलं तर ब्लॉकवरून ओघळ दिसतो. म्हणजे "ऑईल चांगलं आहे, तेव्हा गॅस्केट चांगलं" असं म्हणणारा चुकतो. "धूर पांढरा आहे, तेव्हा गॅस्केट गेलं" म्हणणाराही चुकतो.

आमच्या गावाचंच उदाहरण घ्या. रेल्वेचं बेलापूर स्टेशन वर्षानुवर्षे श्रीरामपूर शहरात उभं आहे, आणि बेलापूर गाव तिथून काही किलोमीटरवर प्रवरेच्या काठी. पाटी वाचून उतरलेला पाहुणा गावात आलो असं समजतो आणि घर शोधत बसतो. इंजिनाचं तसंच असतं. पाटी एकीकडं लागते, गाव दुसरीकडं असतं. धूर सायलेन्सरमधून दिसतो, पाणी टोपणातून उडतं, काटा डॅशबोर्डवर चढतो. या झाल्या पाट्या. गाव शोधायचं तर पाच-सहा पाट्या जुळवाव्या लागतात.

घरी करायच्या तपासण्या

आता आम्ही सांगतो त्या तपासण्यांना यंत्र लागत नाही. लागतो तो धीर, आणि थंड इंजिन. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळची वेळ. गरम इंजिनाचं टोपण कुणीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशाच्या वर असतं. टोपण सुटलं की ते एकदम उकळून तोंडावर येतं. हाता-तोंडाला भाजलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

पहिली तपासणी वहीची. पाणी खरंच कमी होतंय का, हे आधी ठरवा. थंड इंजिनावर रेडिएटर काठोकाठ भरा, बाटलीवर खूण करा, आणि सात दिवस रोज सकाळी पातळी आणि किलोमीटर लिहा. आमच्याकडं येणारे निम्मे लोक सांगतात, "पाणी फार खाते." किती खाते ते कुणालाच माहीत नसतं. नुकतं पाणी बदललेलं असेल तर आत अडकलेली हवा निघून जाते आणि पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरते. तो दोष नव्हे. त्यानंतरही रोज उतरत असेल तर पाणी कुठंतरी जातंय. मग गाडीखाली जुनं पोतं किंवा पुठ्ठा अंथरा. सकाळी ओला झाला का पाहा. होजपाईपचे सांधे, रेडिएटरचा तळ, आणि वॉटर पंप, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात, त्याच्या खालच्या बाजूचं बारीक भोक, या जागा हाताने चाचपा. सुकलेल्या पाण्याचा पांढरा किंवा रंगीत डाग दिसला तर गळती बाहेरची आहे आणि काम स्वस्तातलं आहे.

दुसरी तपासणी ऑईलची. कांडी काढून पाहा. ऑईल ताकासारखं, कॉफीसारखं दिसतंय का? पातळी आपोआप वाढली आहे का? वाढली असेल तर काहीतरी आत मिसळतंय. वास घ्या. डिझेलचा वास आणि पातळ ऑईल असेल तर गॅस्केटशी संबंध नाही, नॉझल किंवा पंप पाहायला हवा. फक्त ऑईल भरायच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय दिसली तर लगेच घाबरू नका. थंडीच्या दिवसांत गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाला धरते, आणि ती साय जमते. पक्की खूण पाहिजे असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी चालू न करता चेंबरचा नट अगदी थोडा ढिला करा. पाणी ऑईलपेक्षा जड. ते तळाला बसतं. आधी पाण्याचे थेंब आले आणि मग ऑईल आलं, तर चेंबरमध्ये पाणी आहे, यात शंका उरत नाही. अशी गाडी त्यानंतर चालू करायची नाही. पाणी मिसळलेलं ऑईल बेअरिंग खाऊन टाकतं, आणि गॅस्केटचं काम क्रँकवर जातं.

तिसरी तपासणी पाईपची. टोपण घट्ट लावा. इंजिन थंड असताना वरचा जाड होजपाईप दाबून पाहा, मऊ लागेल. आता गाडी चालू करा. एक-दोन मिनिटांत, पाणी अजून कोमट व्हायच्या आत, पाईप दगडासारखा टणक झाला, तर विचार करा. पाणी तापलेलं नाही, मग दाब आला कुठून? सिलिंडरमधून. हे गॅस्केटचं किंवा हेडच्या तड्याचं चांगलं जोरदार लक्षण आहे. पाणी तापल्यावर पाईप टणक होतोच, त्याचा काही अर्थ नाही.

चौथी तपासणी बुडबुड्यांची. थंड इंजिन, टोपण उघडं, पाणी गळ्यापर्यंत. गाडी चालू करा आणि पाहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ते अडकलेल्या हवेचे. पण तांदूळ शिजल्यासारखे एकसारखे येत राहिले, आणि रेस दिल्यावर पाणी वर उसळलं, तर गॅस येतोय. जुन्या गाडीत वॉटर पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालत असेल तर पट्टा उतरवून मिनिटभर ही तपासणी करावी. पंप बंद असला की पाणी ढवळत नाही आणि बुडबुडा स्वच्छ दिसतो. मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त मात्र चालवू नका. उघडायला भीती वाटत असेल तर टोपण लावून ओव्हरफ्लोची बारीक नळी पाण्याच्या बाटलीत बुडवा आणि बाटलीतले बुडबुडे पाहा.

पाचवी तपासणी धुराची. इथं सगळ्यात जास्त फसगत होते. एक लिटर डिझेल किंवा पेट्रोल जळलं की त्यातून साधारण लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंड सकाळी सायलेन्सर थंड असतो, म्हणून पांढरी वाफ दिसते, थेंबही पडतात. इंजिन तापल्यावर ती बंद झाली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं चालवूनही दाट पांढरी वाफ येतच राहिली, कूलंट घातलेलं असेल तर गोडसर वास आला, आणि वहीत पाणी उतरताना दिसलं, तर पाणी सिलिंडरात जातंय. पण डिझेल गाडीत न जळलेलं डिझेलही पांढरा धूर देतं. ते ओळखायचं नाकाने आणि डोळ्यांनी. वाफ हवेत विरून जाते. कच्च्या डिझेलचा धूर रेंगाळतो, उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात. तो दोष नॉझलचा, टायमिंगचा किंवा कमी कॉम्प्रेशनचा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर झटका.

सहावी गोष्ट सकाळच्या स्टार्टची. रात्रभरात पाणी सिलिंडरात झिरपलं तर सकाळी गाडी एका सिलिंडरवर मिस मारते, मिनिटभर थरथरते, वाफ सोडते आणि मग सुरळीत चालते. पेट्रोल गाडीत त्या सिलिंडरचा प्लग काढला तर बाकीचे काळपट आणि तो एक धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. आणि एक धोक्याची सूचना. स्टार्टर मारला आणि इंजिन एकदम "ठक्" करून अडकलं, तर पुन्हा पुन्हा सेल मारू नका, ढकलस्टार्ट तर मुळीच नको. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नॉझल किंवा प्लग काढून पाणी बाहेर काढलं पाहिजे.

गॅस्केटचं सोंग घेणारे दोष

आता दुसरी बाजू. गाडी गरम होणं हे एकटं लक्षण गॅस्केटचं लक्षण धरू नका. गरम होण्याची कारणं डझनभर आहेत. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, फॅनचा पट्टा ढिला, विजेचा फॅन फिरत नाही, वॉटर पंपाची पाती झिजलेली, रेडिएटर आतून क्षाराने भरलेला. यातलं काहीही असलं तरी काटा चढतो.

टोपणाचं तर विचारूच नका. रेडिएटरच्या टोपणाला स्प्रिंग असते आणि ती ठरावीक दाब धरून ठेवते, पुष्कळ गाड्यांत ०.९ ते १ किलोच्या आसपास. एवढ्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या जवळ उकळतं. टोपणाची रबर गेली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाहेर फेकलं जातं. मालकाला वाटतं गॅस्केट गेलं. गेल्या उन्हाळ्यात करंजी घाट चढताना दोनदा उकळलेली एक जीप आमच्याकडं आली. आधीच्या गॅरेजने इंजिन उतरवायचा अंदाज लिहून दिला होता. वरच्या तपासण्यांत ना बुडबुडा, ना पाईप टणक, ना ऑईलमध्ये पाणी. टोपण बदललं, रेडिएटरची जाळी धुतली, आणि ती जीप पुढचा सगळा हंगाम चालली.

ट्रॅक्टर आणि पुष्कळ डिझेल जीपमध्ये ओला लायनर असतो, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं आणि तळाला रबरी रिंगा ते पाणी अडवतात. रिंग कुजली की पाणी सरळ चेंबरमध्ये उतरतं. ऑईलमध्ये पाणी, पण रेडिएटरात बुडबुडा नाही, अशी जोडी दिसली की आधी लायनरच्या रिंगांचा संशय घ्या. हेड उघडून नवं गॅस्केट टाकलं तरी पाणी येतच राहील. उलट रेडिएटरात ऑईलची साय दिसत असेल आणि गाडीला ऑईल कूलर असेल तर आधी कूलर तपासून घ्या.

गॅरेजात काय करून घ्यायचं

घरच्या तपासण्यांत दोन-तीन पाट्या एकाच गावाकडं बोट दाखवत असतील तर गॅरेजात जा आणि हेड उघडण्याआधी पुढच्या चाचण्या मागा. मागायला लाजू नका.

पहिली, रेडिएटरला हातपंपाने दाब देण्याची. टोपणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठं थेंब नाही, तर गळती आत आहे. दुसरी, निळ्या औषधाची. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा या औषधातून ओढतात. जळालेल्या गॅसमधला कार्बन डायऑक्साईड आला की निळा रंग बदलतो, पेट्रोल गाडीत पिवळा होतो. डिझेलला जास्त वेळ द्यावा लागतो. तिसरी, कॉम्प्रेशनची. सगळ्या सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून घ्या. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आणि बाकीचे ठीक असतील तर दोहोंमधली पट्टी जळाली असण्याची दाट शक्यता आहे. चौथी, आणि आमच्या मते सगळ्यात बोलकी, कॉम्प्रेसरच्या हवेची. पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि नॉझलच्या किंवा प्लगच्या भोकातून हवा सोडायची. मग कान लावायचा. हवा रेडिएटरात बुडबुडली तर गॅस्केट किंवा तडा. सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह. ऑईल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. एका तासात इंजिन स्वतःच सांगतं की दुखतंय कुठं.

एक गोष्ट मात्र कोणतीही चाचणी बाहेरून सांगू शकत नाही. गॅस्केट फुटलं की हेडलाच तडा आहे, हे हेड उतरल्यावरच कळतं. म्हणून गॅरेजवाल्याने दोन अंदाज द्यायला हवेत, एक नुसत्या गॅस्केटचा आणि एक तडा निघाला तर त्याचा. दोन्ही आधी लिहून घ्या.

हेड उघडल्यावर

गॅस्केट स्वस्त असतं. महाग असते ती उघडझाप. म्हणून उघडलेलं हेड तसंच पुसून परत बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून हेड वाकलं आहे का ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. माप कंपनीच्या पुस्तकात असतं. ०.०५ ते ०.१ मिलिमीटरची, म्हणजे केसाएवढी फटसुद्धा पुष्कळ इंजिनांना चालत नाही. अल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट फुगतं, म्हणून बिडाच्या ब्लॉकवर अल्युमिनियमचं हेड असलेली इंजिनं एकदा गरम झाली की हेड लवकर वाकतं. हा त्रास फक्त आपल्याकडचा नाही. विलायतेत रोव्हर कंपनीने १९८८ साली आणलेलं के-सिरीज इंजिन गॅस्केटच्या दुखण्यामुळंच बदनाम झालं.

हेड वाकलं असेल तर वर्कशॉपमध्ये फेसिंग होतं. पण डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड यांच्यातली जागा फार थोडी असते. जास्त घासलं तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळेल. काही डिझेल हेडला फेसिंग चालतच नाही. वर्कशॉपमध्येच हेडला पाण्याचा दाब देऊन तडा तपासून घ्या. जुन्या इंजिनाचं गॅस्केट अॅस्बेस्टॉसचं असू शकतं. त्याची भुकटी फुप्फुसाला घातक आहे. कोरडं खरवडू नका, हवा मारू नका. ओलं करून काढा.

बसवताना बोल्टची भोकं कोरडी हवीत. भोकात पाणी किंवा ऑईल राहिलं तर बोल्ट घट्ट झाल्याचा भास होतो आणि ब्लॉक चिरू शकतो. आवळायचं टॉर्क पान्याने, मधून कडेकडं, दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तकातल्या क्रमाने. पान्याला पाईप लावून अंदाजाने आवळणारा मिस्त्री कितीही नावाजलेला असला तरी त्याला थांबवा. एकदा ताणले की संपले, असे बोल्ट पुष्कळ नव्या गाड्यांत येतात. ते नवेच घ्यावे लागतात. आणि जुनं गॅस्केट परत मागून घ्या. कुठं जळालं ते त्यावर दिसतं, आणि तुमच्या पैशाचा तो पुरावा असतो. पक्कं बिल घ्या. ग्राहक संरक्षण कायदा आधी १९८६ चा होता, आता २०१९ चा आहे. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही सेवा आहे, आणि सेवेत खोट निघाली तर तक्रार करता येते. पण बिल नसेल तर तुमची बाजू लुळी पडते.

गॅस्केट का उडतं

गॅस्केट आपोआप क्वचितच मरतं. बहुतेक वेळा त्याला गरमी मारते. गरमी का झाली ते शोधलं नाही तर नवं गॅस्केटही सहा महिन्यांत जाईल. आणि इथं आपल्या जिरायत भागाची खास कारणं आहेत.

कापूस वाहणाऱ्या गाडीच्या रेडिएटरची जाळी बोंडाच्या तंतूंनी भरते. पिंजलेल्या गादीसारखा थर बसतो. ज्वारीच्या मळणीत यंत्राशेजारी उभ्या ट्रॅक्टरची जाळी भुसकटाने बुजते. समोरून पाहिलं तर स्वच्छ वाटतं, कारण कचरा मागच्या थरात अडकलेला असतो. हंगामात दर आठवड्याला इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने, हवा किंवा हलकं पाणी मारा. जोराच्या धारेने पात्या वाकतात.

दुसरं, बोअरचं खारं पाणी. आपल्या चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या पोकळ्यांत बसतो आणि उष्णता अडवतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला. "आपल्याकडं कुठं बर्फ पडतो" म्हणून कूलंट टाळू नका. ते गंज धरू देत नाही आणि उकळी लांबवते. एवढं जमत नसेल तर पागोळीचं स्वच्छ पावसाचं पाणी तरी साठवा.

तिसरं, रस्त्यात केलेला उतावीळपणा. काटा चढला की ओझं असो, पाहुणे असोत, गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं की हेड तडकतं, तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखं. रेडिएटरात हळद टाकायची जुनी युक्ती बारीक भोकाला घरापर्यंत पोचवते, हे खरं. पण गॅस्केटवर तिचा उपाय होत नाही, आणि तीच हळद पुढं रेडिएटरच्या नळ्या बुजवते. बाटलीत मिळणाऱ्या गळती बंद करायच्या औषधांचंही तेच.

जुनी गाडी घेताना

घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना आपण दात पाहतो, कास चाचपतो, चालवून पाहतो. लाखाची जुनी गाडी घेताना मात्र सीटकव्हर पाहून हो म्हणतो. सौदा करायला सकाळी जा, आणि आधी बॉनेटला हात लावा. इंजिन गरम असेल तर मालकाने तुमच्या येण्याआधी गाडी चालवून ठेवली आहे. भांडू नका, दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिनावर ऑईल, पाईप, बुडबुडे आणि धूर या चार गोष्टी पाहायला पंधरा मिनिटं लागतात. रेडिएटरात नुकतंच भरलेलं कोरं पाणी, हेडच्या कडेने ताजा लावलेला चिकट मसाला, आणि एकदम नवं ऑईल, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर जुनं काय धुऊन टाकलं, हे विचारा. मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, जमलं तर एखादा चढ घ्या, आणि गाडी थंड झाल्यावर पाण्याची पातळी पुन्हा पाहा.

भावांनो, नव्या गाड्यांत संगणक आला आहे. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डिझेलच्या पाईपला पाना लावून सिलिंडर शोधायची जुनी पद्धत चालत नाही. तिथं दाब इतका असतो की धार कातडीत घुसते. तो खटाटोप कुणीही करू नये. पण पाणी कमी होणं, पाईप टणक होणं, ऑईल बिघडणं, हे त्या गाड्यांतही तसंच आहे, कारण पाणी, ऑईल आणि आग यांना वेगळं ठेवणारी चकती तीच आहे.

तर बैठकीतून घरी जाताना एक काम न्या. ज्याच्या दारात इंजिन आहे, मग ते जीपचं असो, ट्रॅक्टरचं असो की विहिरीवरचं, त्याने दोन रुपयांची नाही तर वीस रुपयांची एक वही घ्यावी. रोज सकाळी पाणी, ऑईल आणि चाललेले तास किंवा किलोमीटर, तीन आकडे लिहावेत. घरात शाळेत जाणारं पोर किंवा पोरगी असेल तर हे काम त्यांच्याकडं द्या, ती आपल्यापेक्षा नेमाने करतात. आणि पुन्हा कुणी "इंजिनच काढावं लागेल" म्हणालं, तर ती वही त्याच्यापुढं ठेवा आणि शांतपणे विचारा, "पाणी जातंय कुठं, ते आधी दाखवा."